पालथं लिंबू

संगमरवरी ओट्यावर कापलेलं लिंबू पालथं ठेवू नये. ओटा बसवला त्या दिवसापासून बायकोने मला हे इतक्या वेळा ऐकवलं होतं की ते मला पाठ झालं होतं, आणि पाठ झालेल्या गोष्टींकडे मी सहसा लक्ष देत नाही.

बायको दहा दिवसांच्या ट्रेनिंगला परगावी गेली होती. सोमवारी सकाळी मी कोमट पाण्यात लिंबू पिळून प्यायलो. हा उपाय पोट कमी करण्यासाठी आहे. पोटाने त्याची अजून दखल घेतलेली नाही. उरलेलं अर्धं लिंबू सुकू नये म्हणून मोठ्या हुशारीने ओट्यावर पालथं घातलं आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा लिंबू जागेवर नव्हतं. दुपारी मावशी येऊन ओटा आवरून गेल्या होत्या. लिंबाच्या जागी मात्र एक गोल उमटला होता. अख्खा ओटा चकचकीत आणि मधोमध हा निस्तेज, खरखरीत, बरोबर अर्ध्या लिंबाएवढा गोल. मी फडक्याने पुसला. गेला नाही. नखाने खरवडला. तेव्हा नख गेलं.

मावशी म्हणजे आमच्याकडे नऊ वर्षं घरकाम करणाऱ्या बाई. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. आमच्याच घरातली वस्तू आमच्याच घरात कुठे आहे हे मला विचारायचं असेल तर मी आधी बायकोला फोन करतो, आणि तिने उचलला नाही तर मावशींना.

आणि ओट्याबद्दलही सांगायला हवं. बायकोने अकरा दुकानं पालथी घालून तो दगड निवडला होता. मी काळा ग्रॅनाइट सुचवला होता, कारण त्यावर काय सांडलं ते दिसत नाही. ‘दिसत नाही म्हणून घाण चालते का?’ असं तिने विचारलं होतं. मी त्यावर बराच विचार केला होता आणि ‘हो’ असं उत्तर आल्यामुळे गप्प बसलो होतो.

तर त्याच संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी स्वयंपाकघरात उभा होतो हीच पहिली चूक.

“अहो, जरा बाजूला व्हा. मागे ओट्यावर काय आहे ते?”

“कुठे?”

“तो गोल. अगंबाई! काहीतरी आंबट ठेवलंय कोणीतरी. मावशींनी ठेवलं का?”

आता इथे मला ‘नाही, मी’ एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण फोनच्या त्या चौकोनात बायकोचा चेहरा इतका पडला होता, की माझ्या तोंडून तिसराच शब्द बाहेर पडला. “असेल,” मी म्हणालो.

माझी नोकरी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करण्याची आहे. चोवीस वर्षं मी लोकांची खोटी कारणं पकडतो आहे. ‘असेल’ म्हणणारा माणूस समोर आला की मी त्याचा कागद वेगळा काढतो. या खात्यात माझा दबदबा आहे, हे मी अभिमानाने सांगत असे. हल्ली सांगत नाही.

मनाशी मी हिशेब असा मांडला: बायको यायला आठ दिवस आहेत. तेवढ्यात गोल गेला, की प्रश्नच मिटला. गुन्हाच उरला नाही तर गुन्हेगार कोण याची चौकशी कोण करतं? हा युक्तिवाद मला त्या वेळी अतिशय सभ्य वाटला होता.

मंगळवारी घसा बसल्याचं सांगून मी रजा टाकली आणि शेजारच्या काकूंना विचारायला गेलो. काकू वयाने मोठ्या, अनुभवाने त्याहून मोठ्या आणि खात्री तर विचारूच नका.

“अरे, डाग ना? व्हिनेगर घास. माझी फरशी बघ, आरसा झालीये!”

काकूंची फरशी साध्या टाइलची आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण सल्ला विचारायला गेलेल्या माणसाने उलटतपासणी घेणं बरं दिसत नाही. मी अर्धी बाटली व्हिनेगर ओतलं आणि दंडात गोळे येईपर्यंत घासलं. एवढ्यात किल्ली फिरल्याचा आवाज झाला आणि मावशी आत आल्या.

“दादा, ते आंबट असतं,” त्या म्हणाल्या. “संगमरवराला चालत नाही.”

“काकूंनी सांगितलंय,” मी जरा ताठरपणे म्हणालो. घासणारा मी, रजा माझी, आणि शिकवणाऱ्या ह्या!

त्या हातात फडकं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “काल ताईंचा फोन आला होता.”

“हो का?”

“हो.”

त्या आणखी थोडा वेळ उभ्या होत्या. मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होतो. इतकी बारीक अक्षरं मी चष्मा न लावता आयुष्यात कधी वाचलेली नाहीत. शेवटी त्या बेसिनमधली भांडी घासायला वळल्या.

व्हिनेगर वाळल्यावर कळलं की गोल गेला आहे. म्हणजे तो वेगळा दिसेनासा झाला होता, कारण त्याच्या भोवतीचा परातीएवढा भाग तसाच पांढुरका पडला होता. काकूंना बोलावून दाखवलं. “हं,” त्या म्हणाल्या, “मग आता तेलाचा हात फिरव. चमक येईल.” चमक आली. ती अर्धा तास टिकली. नंतर दगडाने तेल पिऊन टाकलं आणि पांढुरक्या परातीत एक पिवळट तपकिरी ढग तयार झाला. ऑफिसातल्या एकाने फोनवर टूथपेस्ट सुचवली. त्याने ओट्याला फक्त पुदिन्याचा वास आला. मग मी हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिशपेपर आणला. नावातच पॉलिश असल्यामुळे मला शंका आली नाही. वीस मिनिटं गोल गोल घासल्यावर ओट्यावर असे काही ओरखडे उठले की काकू दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, “मी हे सांगितलं नव्हतं हं.”

बुधवारी मी नाइलाजाने खऱ्या माणसाला घरी घेऊन आलो. दगडाला पॉलिश करणारे कारागीर, साठीचे, बोलायला अगदी मोजके. त्यांनी ओट्यावर तळहात फिरवला, मग खाली वाकून उजेडाच्या दिशेने बघितलं.

“हा डाग नाही साहेब,” ते म्हणाले. “डाग म्हणजे वर काहीतरी आलेलं असतं. इथं वरचं गेलंय. आंबटानं पॉलिश खाल्लं. हे तेल तेवढं डाग. ते सोड्याचा लेप लावून ओढून घेता येईल, एक दिवस झाकून ठेवायचा. बाकी सगळं मशीनने घासून परत पॉलिश आणावं लागेल.” मग त्यांचं बोट ओरखड्यांवर थांबलं. “आणि हे कोणी केलं?”

मशीन लागेल असं कारागिरांनी आधीच सांगितल्यामुळे मी इमारतीच्या सेक्रेटरींना कळवलं होतं, आणि दुर्दैवाने त्याच वेळी ते तपासणीला आले होते. मशीन म्हणजे आवाज, आवाज म्हणजे परवानगी, आणि परवानगी म्हणजे आधी प्रत्यक्ष पाहणी, असा इमारतीचा नियम आहे. सेक्रेटरी हातात फॉर्म घेऊन माझ्याकडे बघत होते. कारागीरही बघत होते.

“घरी कामाला येतात ना, त्या मावशींनी,” मी म्हणालो.

“सगळं?” कारागिरांनी विचारलं.

“सगळं.”

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. नखांत अजून पॉलिशपेपरची पांढरी भुकटी अडकलेली होती. मी हात खिशात घातले.

त्या फॉर्मची एक गंमत आहे. कामाच्या प्रकारात फक्त तीन पर्याय आहेत: तोडफोड, रंगकाम, गळती. ‘घासणे’ त्यात बसत नाही. सेक्रेटरींनी बराच वेळ पेन हवेत धरून विचार केला आणि ‘तोडफोड’वर खूण केली. त्याखाली ‘कामाचे कारण’ असा रकाना होता.

“नुसतं दुरुस्ती लिहा की,” मी म्हणालो.

“नाही नाही, कारण नेमकं लागतं. उद्या कोणी विचारलं तर?” असं म्हणून त्यांनी सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं: ‘घरकाम करणाऱ्या बाईंच्या निष्काळजीपणामुळे ओट्याचे झालेले नुकसान.’ आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. आधी ‘असेल’ म्हणालो होतो, मग ‘सगळं’ म्हणालो होतो, आणि आता सही. खोटं बोलायला मला फारसे कष्ट पडलेच नाहीत. बहुतेक वेळा लोकांनीच ते तयार करून आणलं आणि मी फक्त नाही म्हणालो नाही.

फॉर्मची एक प्रत जिन्याजवळच्या नोटीस बोर्डावर लागते हे मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. मी सतरा वर्षं त्याच जिन्याने जातो. गुरुवारी सकाळी बोर्डासमोर चार माणसं उभी होती. ‘दुसऱ्या मजल्यावर तोडफोड’ हे वाचून पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ छताकडे बघत होते. पण खालची ओळही सगळ्यांनी वाचली होती.

त्या दिवशी ऑफिसातून आलो तर भांडी घासलेली होती, ओट्यावरचा कारागिरांनी लावलेला लेप होता तसा प्लास्टिकखाली झाकलेला होता, आणि त्याच्या शेजारी, कोरड्या जागी, आमच्या घराची किल्ली ठेवलेली होती.

“तुला कळलं का?” काकू दारातूनच म्हणाल्या. “तिसऱ्या मजल्यावरच्यांनी तिला उद्यापासून येऊ नको सांगितलं. त्यांच्याकडे पांढरी फरशी आहे ना! पहिल्या मजल्यावाल्यांनीही.”

“त्यांच्याकडे पण पांढरी फरशी आहे?”

“नाही. पण नोटीस लागलीये म्हटल्यावर…”

त्या रात्री मी जेवलो नाही. खरं म्हणजे थोडं जेवलो. पण चव लागली नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. इतका प्रामाणिकपणा तीन दिवसांपूर्वी कुठे गेला होता, असा प्रश्न मीच मला विचारला आणि छाननी खात्यातल्या माणसाला शोभेल असं उत्तर शोधत बसलो. काही सापडलं नाही.

शनिवारी मशीन आलं. तेल लेपाने बरंचसं ओढून घेतलं होतं. कारागीर एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या चकत्या लावून, पाणी सोडत, ओटा घासत होते. दगडाचं दुधासारखं पाणी कडेला बादलीत जमत होतं. माझ्यावर एकच काम होतं: बादली भरली की बाजूला नेऊन ठेवणं. “हे पाणी बेसिनमध्ये टाकू नका,” त्यांनी मला दोनदा बजावलं. तिसऱ्या बादलीला पाठ धरली म्हणून मी ती तिथल्या तिथे बेसिनमध्ये रिकामी केली. तासाभराने पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या बेसिनमधून पांढरा चिखल वर आला.

ते वर आले, मागोमाग सेक्रेटरी आले.

“कोणी ओतलं हे?” पहिल्या मजल्यावरच्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. या वेळी मी खरंच सांगणार होतो. पण माझ्याआधी सेक्रेटरी म्हणाले, “ती बाई असेल.”

“त्या तर गुरुवारनंतर आलेल्याच नाहीत,” मी म्हणालो.

“मग त्याच्या आधी ओतलं असेल.” सेक्रेटरींनी वहीत लिहायलाही घेतलं.

“मशीन आजच सकाळी आलंय हो!”

“ते खरं. पण अशा बायकांचं काही सांगता येत नाही.” आणि पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ चिखलाने भरलेला हात वर धरून मान डोलवत होते.

मी एक शब्द बोललो होतो तो आता माझ्याशिवायच चालायला लागला होता. यापुढे या इमारतीत नळ गळला, काच फुटली, मांजर व्यालं, तरी त्याचं कारण तयार होतं. “मी ओतलं,” मी ओरडलो. “ते पाणी मी ओतलं!” सेक्रेटरींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी मोठ्या मनाने कोणाला तरी पाठीशी घालतो आहे. “तुम्ही फार साधे आहात,” ते म्हणाले. यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

कारागीर मशीन बंद करून ऐकत होते. “साहेब, आता शेवटचं पॉलिश आणि वरून सीलर, म्हणजे दगड पुन्हा काही पिणार नाही,” ते म्हणाले. “दोन तास लागतील. इथं तुमचं काही काम नाही.”

मी चप्पल घातली आणि निघालो.

मावशींचं घर आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. नऊ वर्षांत मी तिथे कधी गेलो नव्हतो. पत्ता शोधायला अर्धा तास लागला. एका लांबट गॅलरीत ओळीने दारं होती. त्यांचं चौथं. खोलीत त्या कपड्यांना इस्त्री करत होत्या, बाहेरून घेतलेले, कारण ढीग बराच उंच होता आणि त्यात पुरुषांचे एका मापाचे दोन शर्टही नव्हते. मला बघून त्यांनी इस्त्री उभी केली आणि खोलीतली एकुलती एक खुर्ची पुढे केली. मी बसलो, आणि त्या उभ्याच राहिल्या. मग मला उठताही येईना.

वाटेत मी वाक्यं जुळवली होती. ती सगळी ऑफिसातल्या पत्रासारखी निघाली. “मावशी, त्या प्रकरणात माझ्याकडून थोडी… म्हणजे ते लिंबू खरं म्हणजे…”

“तुम्ही ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या. “मला माहीत आहे ना, दादा. उचललं कोणी? मीच. खाली रस होता. शेजारी तुमचा पेला होता.”

“मग तुम्ही ताईंना का नाही सांगितलंत?”

“मी कशाला सांगू?” त्यांनी एक शर्ट उचलला, घडी घातली, परत उलगडली. “ताईंचा फोन आला तेव्हा मला वाटलं, रात्रीपर्यंत तुम्ही सांगाल. मग मंगळवारी तुम्ही घरी दिसलात. वाटलं, आता सांगाल. मी थांबलेसुद्धा होते.”

मी खाली बघितलं.

“ताई ओरडल्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “‘नऊ वर्षं झाली मावशी, तरी?’ एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं.”

“माझं चुकलं,” मी म्हणालो. “माफ करा मला. मला फार लाज वाटते आहे.”

“ते दिसतंय,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “पण माझ्याकडे येऊन काय उपयोग? मला तर आधीपासून माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.”

एवढं बोलून त्यांनी इस्त्री पुन्हा हातात घेतली.

गॅलरीतूनच मी बायकोला फोन लावला. लिंबू, व्हिनेगर, तेल, पॉलिशपेपर, फॉर्म, नोटीस, बादली, सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कट झाला असं वाटलं.

“अगं, ऐकते आहेस ना? ओटा आता चांगला होतोय.”

“ओटा राहू दे,” ती म्हणाली. “मी त्यांना काय बोलले ते मला आठवतंय.” आणि मग खरंच फोन कट झाला.

सेक्रेटरींकडे गेलो. नोटीस काढा म्हणालो. ते म्हणाले, लागलेली नोटीस सात दिवस राहते, त्याआधी काढायला लेखी कारण लागतं.

“लिहा,” मी म्हणालो. “अर्जदार खोटं बोलला.”

त्यांचं पेन पुन्हा हवेत राहिलं. “असं कसं लिहिता येईल हो? तुम्ही सभासद आहात.”

“मावशींबद्दल लिहिताना तुम्हाला अडचण आली नाही.”

“त्या कुठे सभासद आहेत?”

हे त्यांनी इतक्या निरागसपणे विचारलं की माझा राग त्यांच्यापर्यंत पोचेना. आणि रागवायला मी कोण? मी खाली गेलो, त्या वळणदार ओळीवर काट मारली आणि माझ्या गिचमिड अक्षरात लिहिलं: ‘लिंबू मी ठेवलं. बाकी सगळं नुकसानही मीच केलं. मावशींचा काही संबंध नाही.’ खाली सही, हुद्द्यासकट. विद्रूपीकरणाबद्दल कमिटीने मला ताकीद दिली. ते पत्र माझ्याकडे आहे.

पण बोर्ड वाचणारे लोक दुरुस्ती वाचत नाहीत. म्हणून मी दारोदार गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, तोंडाला पदर लावून हसल्या आणि म्हणाल्या, “अहो, एवढंसं सांगायला तुम्हाला आठवडा लागला?” पहिल्या मजल्यावरच्यांनी बेसिन साफ करून घेतलं, माझ्याकडूनच, स्वतः टॉर्च धरून. काकूंनी मला बसवून पाणी दिलं. “व्हिनेगर मी सांगितलं हे पण सांगितलंस का सगळ्यांना?” त्यांनी विचारलं. तेवढं मी सांगितलं नव्हतं.

बायको परत आली ती सामान दारात ठेवून आधी मावशींकडे गेली. दीड तासाने आली. डोळे लाल होते. ‘ताई, तुमच्यावर माझा राग नाही,’ असं मावशी म्हणाल्या, एवढंच तिने मला सांगितलं. बाकीचं मी विचारलं नाही.

आता मावशी पुन्हा आमच्या इमारतीत येतात. तिसऱ्या मजल्यावर जातात, पहिल्या मजल्यावरही जातात. आमच्याकडे मात्र भांडी, फरशी आणि ओटा ही कामं आता माझ्याकडे आहेत. ओटा रोज साध्या साबणाच्या पाण्याने पुसतो, लगेच कोरडा करतो, लिंबू पाटावर कापतो, आणि वर्षातून एकदा सीलर लावायचा आहे. बायको माझ्याशी बोलते. पण मी एखादी गोष्ट सांगितली, की ‘नक्की?’ असं विचारते. पूर्वी विचारत नव्हती.

परवा जिन्यात मावशी भेटल्या. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“ओटा कसा आहे?” त्यांनीच विचारलं.

“चांगला आहे. कारागिरांनी पहिल्यासारखा केला.”

“पुसून कोरडा करता ना?”

“करतो. रोज करतो.”

“करत जा,” त्या म्हणाल्या. आम्ही दोघं बरोबरच जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावर मी किल्ली काढून आमचं दार उघडलं आणि उघडं धरून उभा राहिलो. त्या क्षणभर थांबल्या, पायऱ्यांचा कठडा धरला आणि तिसऱ्या मजल्यावर गेल्या.